डावा कल्ला

बहिणीकडे परदेशी आलेल्या दादांची बॅग स्टेशनात कुणीतरी हातोहात लांबवली. पासपोर्टही त्यातच गेला. जन्मभर लोकांचे केस कापत आलेले दादा वकिलातीच्या खिडकीपुढे चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उभे होते. "अरे, हळू बोल!" बहीण दटावत होती.

खिडकीतल्या बाईंनी नाव, जन्मतारीख विचारली, दोन-चार बटणं दाबली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "हे तुम्हीच ना?"

दादा शिव्या विसरून पुढे वाकले. इतक्या लांब, परक्या मुलखात, त्यांचाच जुना फोटो, चांगला ताटाएवढा! आणि त्यात डावा कल्ला सूतभर खाली. पासपोर्टातल्या नखाएवढ्या फोटोत तो कधी दिसलाच नव्हता.

फोटोच्या दिवशी बाबांनी हट्टानं स्वतः दादांचे केस कापले होते. तेव्हा बाबांना धड दिसतही नव्हतं. दादा कल्ला सारखा करायला निघाले, तर बाबा म्हणाले, "राहू दे रे, छान दिसतोयस." बाबांच्या कात्रीखालचं ते शेवटचं डोकं.

दादांनी खिडकीच्या काचेवर, त्या कल्ल्यासमोर बोट टेकवलं.

"अहो, तुम्हीच ना?"

"मीच. पासपोर्टचं सावकाश होऊ द्या, ताई. आधी तो कल्ला जरा आणखी मोठा करून दाखवा."