जहाजाच्या नावाचं भाषांतर

एका परदेशी अंतराळमालिकेच्या मराठी सबटायटल्सचं काम मला मिळालं, तेव्हा उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटीच नाचले होते. कॉलेजात असल्यापासून मालिका तोंडपाठ होती. पण काम देणाऱ्या बाईंनी बजावलं, "नावंसुद्धा मराठीत हवीत." म्हणून ताऱ्यांतून फिरणाऱ्या 'एंटरप्राइज' जहाजाचं मी 'उद्यम' केलं. वाचताना ते एखाद्या पतसंस्थेचं नाव वाटायचं.

खालच्या मजल्यावर एक काका राहतात. मूळचे देवगाव रंगारीचे, शेतकऱ्याच्या घरातले. समुद्र पाहिला तो नौदलात भरती झाल्यावरच. जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या बॉयलर रूममध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर आरमारी इतिहास वाचायचा नाद लागला. मी त्यांनाच विचारायला गेले.

"उद्यम?" ते म्हणाले. "जहाजाचं नाव असं बदलत नसतंय, पोरी."

"पण काका, हे जहाज खोटं आहे."

"जहाज खोटं आसंल. नाव खरं हाय."

मग ते सांगत सुटले. या नावाचं इंग्रजांचं पहिलं जहाज म्हणजे फ्रेंचांकडून जिंकलेलं. नावही त्यांचंच, जरा इंग्रजी वळणाचं केलेलं. पुढं अमेरिकेनंही तेच नाव ठेवलं, आधी शिडाच्या जहाजांना, मग विमानवाहू नौकांना. जहाज मोडीत निघतं, नाव पुढच्याला मिळतं.

मी धावत वर जाऊन मालिकेतल्या इतर जहाजांची यादी आणली. "यॉर्कटाउन?"

"ते दुसऱ्या महायुद्धात बुडालं. तवा दुसरं एक बांधायचं चाललं होतं. त्याचं ठरलेलं नाव काढून हेच दिलं."

"म्हणजे बदललंच की नाव."

"पाण्यात उतरायच्या आधी चालतंय." ते हसले, मग चष्मा काढून पुसू लागले. "आमचं जहाज तोडलं, तवा दोन दिवस जेवण गेलं नाय. पुढं इक्रांत नावाचंच नवं जहाज नौदलात आलं. टीव्हीवर बघितलं आन मी उठून उभा राहिलो. घरातले म्हणले, काय झालं?"

इतकी वर्षं मला वाटायचं, ही नावं कुणा लेखकाला बसल्या बसल्या सुचली असतील.

तशीच वर येऊन मी बाईंना फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

"पण प्रेक्षकांना कळेल का?" त्यांनी विचारलं.

"आपल्या विक्रांतचं कुणी इंग्रजीत भाषांतर करतं का, मॅडम?"

त्या म्हणाल्या, "ठीक आहे. जहाजांची नावं तशीच ठेवा."

झालेल्या सगळ्या भागांतले 'उद्यम' मी त्याच दुपारी खोडले. काकांना सांगायला निघाले, तर ते अर्ध्या जिन्यात चष्मा लावून उभे होते.

"यादी वाचायची राहिली ना आपली," ते म्हणाले. "चल, पुढचं नाव सांग."