समुद्रावर अडकलेलं विमान

माझ्या साडभाऊने मला फसवलं. साडभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. म्हणजे त्याने सख्ख्या मेहुणीलाही फसवलं, आणि हे दुसरं मला जास्त लागलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्याचं चंद्रपूरला कॉम्प्युटरचं दुकान होतं, माझा वांकिडीला कापसाचा व्यापार. बापाकडून मला ना शेत आलं ना दुकान. जे उभं केलं ते जिभेवर. कापूस घेताना मी वरचा पांढरा थर बघतच नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर काढतो, बोटांनी ताणून धागा बघतो. डागी कापूस, किडकी कवडी लोक आतच दडवतात. कॉम्प्युटर मात्र मी न उघडता घरी आणला. किमतीसाठी साडभाऊशी दुपारभर भांडलो आणि मला पाहिजे त्या भावावर त्याला आणलं, पण डबा उघडून दाखवा असं म्हणालो नाही. साडूच्या घरचा माल तपासला तर आमच्यात तो बायकोच्या माहेराचा अपमान होतो. मशीन चालू केलं की पडद्यावर मेमरीचा आकडा भरभर मोजला जायचा. तो पुरा भरला, एवढंच बघितलं.

मशीन घेतलं होतं व्यापाराच्या हिशेबासाठी. पण त्यात विमान उडवायचा एक खेळ होता, आणि तो बायकोने ताब्यात घेतला. दुपारी जेवणं आटोपली की ती खिडकीला ओला पडदा लावायची. खोलीत हिरवट अंधार व्हायचा, कॉम्प्युटरच्या पडद्याचा निळा उजेड तिच्या कपाळावर पडायचा. विमान एका लहानशा गावावरून उडायचं, शेतं मागे टाकायचं, मग समुद्र लागायचा. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. समुद्रापलीकडे किनारा होता आणि तिथे विमान उतरवायचं होतं. तिला तेवढंच पाहिजे होतं, एकदा पलीकडे उतरायचं.

पण निम्म्या समुद्रावर विमान थांबायचं. पंखे थांबायचे, लाटा थांबायच्या, इंजिनाचा आवाज एकाच सुरावर अडकून खोलीभर घुमत राहायचा.

"अवो, थांबलं," ती म्हणायची.

"बंद करून परत लाव."

"राहू द्या जरासं. पानी चांगलं दिसून राह्यलं."

आणि ती तशीच बसायची, त्या थिजलेल्या पाण्यावर, हात मांडीवर ठेवून. मीही दारात उभा राहून बघायचो. बाहेरून रुईचा एखादा धागा तरंगत यायचा आणि तिच्या केसांवर बसायचा, तेवढीच खोलीत हालचाल.

मला वाटलं करंटचा दोष. स्टॅबिलायझर आणला, विमान थांबलंच. मग वाटलं उन्हाने तापत असेल, टेबलफॅन मशीनकडे वळवला. सायकलच्या पंपाने मागच्या जाळीतून हवा मारली, तर आतून इतकी रुई उडाली की खोलीत ढग भरल्यासारखे झाले आणि बायको त्यात हसत बसली. विमान तरीही थांबलं.

उन्हाळ्यात साडभाऊ पाहुणा आला. आमच्याकडे पाठ करून त्याने डबा उघडला, आत काहीतरी केलं आणि चहा गार व्हायच्या आत झाकण लावलं. "झालं दुरुस्त," म्हणाला. खरंच, त्यानंतर मशीन कधी अडकलं नाही. पण विमान स्वप्नात पाय उचलत नाहीत तसं झालं. वळ म्हटलं की बऱ्याच वेळाने वळायचं. किनारा दिसायला लागायचा आणि नाक वर उचलायच्या आत ते पाण्यात जायचं.

"पयले थांबत होतं," बायको म्हणाली, "आता बुडून राह्यलं. थांबत होतं तेच बरं होतं."

त्या दिवशी मी डबा उघडला. मेमरीच्या दोन पट्ट्या काढून उशीवर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही वेगळ्या जातीच्या. एकीवरचा कंपनीच्या नावाचा कागद नखाने खरवडून काढलेला. आतल्या बोर्डवर बारीक अक्षरात मशीनचे वेग छापलेले होते आणि वेग ठरवणारी प्लास्टिकची एक इवलीशी टोपी कमी वेगावर बसवलेली होती. मी ती जास्त वेगावर बसवली आणि एकेक पट्टी लावून पाहिली. चांगली एकटी लावली तर विमान तेलासारखं सरकलं. खरवडलेली लावली की मशीन अडकलं. म्हणजे त्या पट्टीला वेग झेपत नव्हता, आणि ते झाकायला साडभाऊने सगळं मशीनच मंद केलं होतं. एक बैल लंगडा म्हणून दुसऱ्यालाही दोर बांधला. बरं, एकट्या चांगलीवर भागवावं, तर मेमरी अपुरी. पलीकडची घरं-झाडं यायच्या वेळी आतली डिस्क खडखडायची आणि चित्र तिथेच राहायचं.

मी एसटीडीवर जाऊन फोन लावला.

"भाऊ, आतमंदी दोन जातीच्या पट्ट्या काऊन हायेत?"

"मेमरी मेमरीच असते, साडभाऊ. आकडा पुरा भरते ना?"

"आकडा भरते. विमान बुडते."

तो हसला. "तुमी भाव किती पाडला, आठवते काय? त्या भावात तेच बसत होतं. अन् हिशेबाच्या मशीनवर विमान उडवाले कोनं सांगतलं? आमच्या दुकानात तर मस्त उतरते. मी सोता उतरवलं."

मी फोन आपटला. भाव पाडणं हा माझा धंदा आहे. परवडत नसेल तर नाही म्हणायचं. मला रोज दहा जण नाही म्हणतात, मी त्यांच्याकडे पुन्हा जातो. पण हो म्हणून आत कवडी भरायची, वर दुरुस्तीच्या नावाखाली ती दडवायची, याला व्यापार म्हणत नाहीत.

बायको म्हणाली, "जाऊ द्या ना. दुसरी इकत आना."

"मी आनली म्हंजे त्याचं बरोबर होते."

मी आणली नाही. पुढे तसल्या पट्ट्या बाजारातूनच गेल्या, मशीनवर जुनं लुगडं पडलं. अजून कधी दुपारी पडल्या पडल्या ती विचारते, "तिकडं काय असंन वो?" डोळे मिटलेले असतात. मला सांगता येत नाही.

साडभाऊला येतं. तो तिथे उतरला आहे. लग्नाकार्यात माझ्या शेजारी बसून तो निवांत जेवतो, मला खुशाली विचारतो. मला पट्टी नको, पैसे नकोत. त्याने माझ्या घरी यावं, मेहुणीसमोर बसावं, त्या किनाऱ्यावर काय आहे ते तिला सांगावं. आणि ती तिथे पोचणार नाही हे माहीत असताना त्या दिवशी चहा पिऊन "झालं दुरुस्त" काऊन म्हणाला, याचा जबाब तिला द्यावा.