राजेळीचा व्हिडिओ

आमच्या चॅनलवर वर्षाला चार, फार झाले तर पाच व्हिडिओ येत. तेवढ्या काळात बाकीचे शेतीवाले शंभर टाकून मोकळे होतात. याला कारण बाबांचा नियम. लावणीपासून सगळं शूट करायचं, पण पीक हाती आल्याशिवाय जगाला काही दाखवायचं नाही. तोंडलीचा मांडव असो की सोनचाफ्याचं कलम, ‘आधी येऊ दे, मग सांगू,’ हे उत्तर ठरलेलं. चाफ्याने दोन वर्षं खाल्ली. पीक फसलं तर केलेलं सगळं पुसून पुढच्या मोसमात पहिल्यापासून सुरुवात. मी वैतागायचो, आणि ते बोलूनही दाखवायचो.

मी तुळिंजला फ्लॅटमध्ये राहतो, नोकरी मुंबईत. आई-बाबा निर्मळच्या वाडीत. दर रविवारी सकाळी स्कूटर काढायची, वाडीत मोबाईल स्टँडवर लावायचा, बाबांना सदरा बदलायला सांगायचं, त्यांनी तो बदलायचा नाही, आणि शूट करायचं. असं नऊ वर्षं चाललं.

बाबा स्वतःही व्हिडिओ पाहायचे, पण पाहण्याजोगी म्हणून त्यांनी ठरवलेली तीनच चॅनल होती. त्यातलं एक घाटावरच्या, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं. तो पहिल्या व्हिडिओत जसा खाली मान घालून बोलायचा तसाच आजही बोलतो. संगीत नाही, आरडाओरडा नाही. चुकलं तर ‘थांबा, उलटं बसवलं,’ म्हणतो आणि सगळ्यांसमोर परत खोलतो. ‘ह्याचं पहिलं लक्ष मोटारीवर, लोकांवर मागनं,’ असं बाबांचं मत. बाकी किती चॅनल आमच्या डोळ्यांदेखत बिघडली! एक जण सुरुवातीला माती इतकी सुरेख समजावून सांगायचा, आणि वर्षभरात पंधरा दिवसांत दुप्पट पीक काढून द्यायला निघाला. ‘पी हळद नि हो गोरी,’ म्हणून बाबांनी त्याला कायमचं बंद केलं.

आमचं चॅनल पाहणारे थोडे होते, पण जुने होते. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमचं पाहून जे जे लावलं ते सगळं लागलं.’ ते बाबांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

राजेळी मात्र त्यांनी आठ वर्षं टाळली. वाळवून वसईची सुकेळी करतात ती हीच केळी. झाड उंच, वारा सोसत नाही, आणि लोंगर, म्हणजे केळीचा घड, भरायला वेळ लावतो. ‘ही चुकली तर नाक कापलं जाईल,’ म्हणायचे. मग एके दिवशी स्वतःच विषय काढला आणि तीन मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली केळीची पिल्लं, लावले. तेव्हा त्यांच्या पोटात दुखायला लागलं होतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं, असं मला आता वाटतं.

तिन्ही झाडांना लोंगर धरले. फण्या सुटून केळी बोटाएवढी झाली त्या रविवारी आईने खालची केळफुलं भाजीसाठी मोडून घेतली. आमच्या घरात केळफुलाला कोयता लावत नाहीत, हाताने पिळून मोडतात, आणि ते काम आईचंच. तेही शूट केलं. गुरुवारी बाबांना दवाखान्यात दाखल केलं. आईला मी तुळिंजला घेऊन आलो.

दवाखान्यात ते एकच विचारायचे, ‘टेकू लावलेस?’ लोंगर जड झाला की राजेळी वाकते, तिला बांबूचा आधार द्यावा लागतो. पहिल्या दिवशी मी म्हटलं, उद्या लावतो. दुसऱ्या दिवशीही उद्याच. वाडीत शेजाऱ्याला एक फोन केला असता तरी भागलं असतं, पण रिपोर्ट, औषधं, रजेचा अर्ज या धावपळीत तेही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून मी ‘लावले’ म्हणालो. त्यांनी डोळे मिटले.

त्याच आठवड्यात परतीच्या पावसाचं वारं सुटलं. मी वाडीत गेलो तेव्हा तिन्ही झाडं मधोमध मोडून पडली होती. मी ती तोडली, ओढत नेऊन खड्ड्यात टाकली आणि कुणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. बाबांनी विचारलं, ‘भरतोय का लोंगर?’ मी म्हटलं, ‘भरतोय.’ महिन्याभराने ते गेले, ते त्याच समजुतीत.

नंतर चॅनलवर लोक विचारू लागले. ‘बरेच दिवस काही आलं नाही, बाबा बरे आहेत ना?’ माझ्याकडे बाबांचं राजेळीवरचं सगळं बोलणं होतं, फक्त शेवट नव्हता. नियमाप्रमाणे ते पुसायला हवं होतं. ते माझ्याने होईना. उमेळ्याला दोन इमारतींच्या मध्ये उरलेल्या एका वाडीत राजेळीचा भरलेला लोंगर आहे असं कळलं. मी गेलो, जवळून चार सेकंद शूट केलं आणि बाबांच्या आवाजाखाली जोडून दिलं. बाबा गेल्याचं लिहून व्हिडिओ चढवला. एवढी माणसं आमच्या चॅनलवर कधी आली नव्हती. कुणीतरी लिहिलं, ‘शेवटपर्यंत खरं तेच दाखवलंत.’ ते वाचून मला बरं वाटलं, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

आईने तो आमच्या टीव्हीवर पाहिला. संपल्यावर म्हणाली, ‘हा आपला लोंगर नाय.’

‘असं काय करतेस, आपलाच आहे.’

‘खाली कोयत्याचा काप हाय. मी मोडलेलं असं दिसत नाय.’

मग मी सगळं सांगितलं. टेकू, वारा, खड्डा, दवाखान्यातलं ‘लावले’ नि ‘भरतोय’. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

‘काढून टाक तो,’ एवढंच म्हणाली.

‘आई, त्यांचा शेवटचा आहे गं.’

‘म्हणूनच काढ.’

मी काढला. मग ती म्हणाली, ‘आता तुझ्या मोबाईलमधला खरा लाव. न कापलेला.’

त्या रविवारचं अख्खं शूटिंग मीही पहिल्यांदाच पाहत होतो. एरवी मला हवे तेवढे तुकडे उचलायचे आणि बाकीचं तसंच सोडायचं, ही माझी सवय. टीव्हीवर बाबा न बदललेल्या सदऱ्यात उभे. आई केळफूल पिळते, हात पुसते, बाजूला होते. बाबा खोडाला तळवा लावतात आणि माझ्याकडे पाहून सांगू लागतात, ‘आता टेकू. लोंगर भरल्यावर हा लावायचा नसतो. आज, आत्ताच लावायचा, नायतर वारं…’

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो. ‘बाबा, लांबतंय. ते पुढच्या रविवारी घेऊ.’

बाबांनी खोडावरचा हात काढला. ‘बरं,’ म्हणाले.