चार नंबरचं हाड

सुपडू मिस्तरीचे हात पाहिले की हा माणूस काय काम करतो ते विचारावं लागत नसे. बारा वर्षं प्लास्टर कालवून बोटांची कातडी पांढरी पडली होती आणि नखांच्या कडा कायम चिरलेल्या असत. खानदेशातल्या पारोळ्याकडून सुरतेत आला तो कापडाच्या लूमवर. पण त्या खडखडाटानं डोकं उठायचं, म्हणून नवागामातल्या एका गणपतीच्या कारखान्यात शिरला आणि तिथंच रमला. साच्यातून मूर्ती काढावी तर सुपडूनंच. त्याच्या हातून कधी सोंड तुटली नाही की कान उडाला नाही. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायची त्याला मुळीच गरज वाटत नसे.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत उज्ज्वला बापट मॅडम त्याला शोधत कारखान्यात आल्या. त्या सुरतेतल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. कच्छच्या रणाकाठी, तांबूस वालुकाश्मात, त्यांना डायनासोरची हाडं सापडली होती. हाडं कसली, दगडच झालेले ते. पण असे ठिसूळ की बोट लावलं तर खपली निघावी. ती सुरतेपर्यंत धड आणायची तर जागेवरच प्लास्टरच्या कवचात बांधायला हवी होती, आणि प्लास्टरचा हात असलेला माणूस मॅडमना कुठं मिळत नव्हता. सुपडू गेला. तीन आठवडे रणात राहिला आणि चार मोठी हाडं बांधून, वर एक ते चार आकडे घालून, ट्रकमधून घेऊन आला.

या कामावर मॅडम इतक्या खूश झाल्या की प्रयोगशाळेतल्या मदतनिसाच्या रिकाम्या जागेसाठी त्यांनी प्राचार्यांकडे त्याच्या नावाचा शब्द टाकला. पक्की नोकरी, पंख्याखाली बसणं, आणि गणपती संपले की चार महिने घरी बसायचं नाही. त्याची बायको रंजना हिनं ही बातमी अर्ध्या नवागामाला सांगूनही टाकली होती. अजून कागद यायचा आहे, असं तो म्हणाला तर ती हसली.

मार्चमध्ये एका सकाळी कवचं उघडायची ठरली. प्रयोगशाळेत टेबलांभोवती मुलं-मुली जमली होती, आणि खुद्द प्राचार्य खुर्ची टाकून बसले होते. सुपडू हातात करवत घेऊन उभा. तेवढ्यात मानसी नावाच्या एका विद्यार्थिनीनं सहज विचारलं, "मॅडम, हाडावर आधी ओला कागद का लावतात? गणपतीवाले तर साच्याला तेल लावतात."

"तेल लावलं तर संपलंच," मॅडम म्हणाल्या. "कवच काढल्यावर आपण हाडाला घट्ट करायचं औषध पाजतो. तेल प्यायलेल्या हाडात ते शिरत नाही. प्लास्टर निघालं की आधार गेला, आणि हाडाचा टेबलावरच भुगा. म्हणून तर सुपडूभाऊंना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, कागद म्हणजे कागद."

सांगितलं होतं, हे खरं. पण का, ते सांगितलं नव्हतं. शिकलेल्या माणसांची ही एक खोडच असते. आपल्याला कारण माहीत आहे म्हणजे ते हवेतच असतं, असं त्यांना वाटतं. सुपडूच्या हातातली करवत एकदम जड झाली.

शेवटच्या दिवशी रणात पाण्याचा टँकर आला नव्हता. मॅडम दूर जीपपाशी सामान बांधत होत्या. चार नंबरचं हाड, मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक, सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत देखणं, उघडं पडलेलं. उरलेलं बादलीभर पाणी कागद भिजवण्यात घालवलं असतं तर प्लास्टरला पुरलं नसतं. प्लास्टर चिकटू नये एवढंच तर हवं, असा त्यानं विचार केला आणि स्वयंपाकाच्या डब्यातलं शेंगदाण्याचं तेल ब्रशनं वरून फिरवलं. हाडानं ते पिऊन टाकलं म्हणून दुसरा हात मारला. कागदापेक्षा काम झकास झालं, असंच तो तेव्हा मनाशी म्हणाला होता.

एक नंबर उघडला. वरची टोपी अलगद निघाली, कागद सुटला, खालून तपकिरी हाड जसंच्या तसं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दोन नंबरही तसाच निघाला. सुपडू करवत चालवत होता आणि घाम त्याच्या कोपरावरून टेबलावर पडत होता. पाणी हवं का, असं मानसीनं विचारलं तेव्हा त्याला ते ऐकूच आलं नाही. बोललो नाही तर कुणाला कळणार आहे, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. खोटं कशाला सांगू, येऊन गेला नाही, चांगला ठाण मांडून बसला. हाडं प्रवासात फुटतात. दगड कच्चा होता म्हणतील. तेल आतापर्यंत पार मुरलं असेल.

तीन नंबर निघाला तेव्हा प्राचार्य खुर्चीतून उठून जवळ आले. "बहेन, आ भाईने तो हवे कायमी करवा पडशे," असं म्हणून त्यांनी सुपडूच्या पाठीवर हात ठेवला. पक्कं करायचं म्हणतायत हे सुपडूला कळलं. गेले दोन महिने ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे वाक्य, आणि ते ऐकताना त्याची नजर चार नंबरवर होती.

"आता आपला चार नंबर," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा फुलला होता. हे टोक नीट निघालं तर जनावर कोणत्या जातीचं ते सांगता येणार होतं. सुपडूनं करवत कवचाच्या कडेला टेकवली. दोन वेळा ओढली. पांढरी भुकटी पडली.

"मॅडम," तो म्हणाला, "थांबनं पडी. याले मी तेल लायेल शे."

"काय लावलंय?" मॅडमनी विचारलं.

"तेल. शेंगदाणानं. पानी नव्हतं. दोन हात मारेल शेत." मग प्राचार्यांना समजावं म्हणून त्यानं हेच पुन्हा हिंदीत सांगितलं. प्राचार्यांनी त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला, घड्याळ बघितलं आणि ते बाहेर गेले.

मॅडम स्टुलावर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या त्या पांढऱ्या गाठोड्याकडे बघत राहिल्या, आणि सुपडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हातातलं कसब भारी चिवट असतं. माणूस गळाला तरी ते गळत नाही. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "वरतून नका उघाडू. उलटं करा. खाले तेल नही, खाले निस्ता दगड शे. दगड कोरत कोरत वर या. वरनं प्लास्टर तसंच ऱ्हाऊ द्या, गादीगत."

मॅडमनी मान वर केली. "म्हणजे वरची बाजू कधीच दिसायची नाही."

"नही दिसाव. पन हाड ऱ्हाई."

चार जणांनी गाठोडं उलटं केलं. पुढचे पंधरा दिवस मॅडम आणि त्यांची मुलं छिन्नीनं, मग सुयांनी, खालचा दगड काढत राहिली, औषध पाजत राहिली. हाड राहिलं, पण अर्धंच. ज्या बाजूवरून जात ओळखायची ती सुपडूच्या प्लास्टरमध्ये कायमची गडप झाली होती. मॅडमनी नोकरीसाठी पुन्हा शब्द टाकून पाहिला. प्राचार्य नाही म्हणाले, आणि मॅडमनी ते सुपडूला स्वतः सांगितलं, त्याच्या डोळ्याला डोळा देऊन.

त्या संध्याकाळी त्यानं घरी जाऊन रंजनाला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं होती. तिनं भाकरी थापायची थांबवली.

"तुम्ही बोलतात नही तं कोन इचारनार व्हतं तुमले?"

"कोनीच नही," सुपडू म्हणाला. "म्हनीसनच तं सांगनं पडनं."

रंजनानं तवा चुलीवरून उतरवला. मग उठली, पदर सारखा केला आणि शेजारच्या प्रमिलाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. तिनं ज्या ज्या घरी नोकरीची बातमी सांगितली होती त्या त्या घरी ती गेली, आणि नवऱ्यानं काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगून आली.