यादीत नसलेली गल्ली

दोना इव्होनेत, म्हणजे इव्होनेतबाई, शाळेतली निवृत्त स्वयंपाकीण. टेकडीवरच्या आमच्या वस्तीत अगदी वरच्या गल्लीत राहायची. माझी बेकरी खाली, डांबरी रस्त्यावर. सप्टेंबरात तिच्या घरामागच्या उताराला भेग पडली. पंजा आत जाईल एवढी.

नगरपालिकेने तेव्हा इंटरनेटवर चर्चापीठ उघडलं होतं. वॉर्डात काय हवं ते तिथे मांडायचं, ज्याला जास्त पाठिंबा ते काम आधी. इव्होनेतने भेगेचा फोटो टाकून संरक्षक भिंत मागितली. पण नाव नोंदवताना यादीतून रस्ता निवडावा लागे, आणि वरची गल्ली यादीतच नव्हती.

"मग आम्ही राहतो कुठे, ओस्मार?"

"माझ्या बेकरीत," मी म्हणालो. "सगळ्यांना माझाच पत्ता घाला."

मला ती मोठी हुशारी वाटली. पाव घ्यायला येईल त्याची नोंद ती काउंटरपाशी बसून करून द्यायची, एका बोटाने. तीनशे बारा पाठिंबे झाले. खालच्या चौकात दिवे मागणाऱ्यांपैकी कुणीतरी खाली लिहिलं, 'एका बेकरीत तीनशे जण? माणसं आहेत की उंदीर?' तिने उत्तर दिलं, 'वर या. कॉफी पाजते, भेग दाखवते.' कुणी आलं नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी एकाच पत्त्यावरचे सगळे पाठिंबे रद्द झाले. उरले नऊ. चौकातले दिवे मंजूर झाले.

आम्ही कचेरीत गेलो. तिथली मुलगी म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा टाका, दोना."

"भेग थांबेल का गं तोवर?"

"मी फक्त चर्चापीठ सांभाळते," ती खाली बघत म्हणाली.

डिसेंबरभर पाऊस. इव्होनेत चर्चापीठावर रोज लिहायची, 'आज दोन बोटं रुंदावली.' उत्तर नाही.

जानेवारीत एका दुपारी ती चिखलाने माखून बेकरीत आली. "नाइरला उचलायला माणसं द्या. माझ्या एकटीच्याने हलत नाही." नाइर तिची शेजारीण, अंथरुणाला खिळलेली. आम्ही चौघं धावलो. वळणापर्यंत पोचलो आणि उतार आमच्यासमोर खाली आला.

नाइरच्या दफनानंतर इव्होनेतने फोन माझ्यापुढे ठेवला. "लिही. नाइर, वय एकोणसत्तर. मी माणसं आणायला गेले होते."

मी लिहिलं. जाईना. गेल्या वर्षाची चर्चा बंद झाली होती.

"परत पाठव," ती म्हणाली.

पत्ता मीच दिला होता. मी परत पाठवलं.