मनमाडच्या पुढचा रस्ता

योहान पाटोळे यांनी जन्मभर रेल्वे चालवली, पण रेल्वेनं ते कधी कुठं गेलेच नाहीत, असं त्यांची बायको राहेल म्हणायची. ते खोटंही नव्हतं. योहान दौंड जंक्शनचे लोको पायलट. दिल्लीकडं, जम्मूकडं जाणारी गाडी दौंडला त्यांच्या ताब्यात यायची आणि मनमाडला दुसऱ्या पायलटच्या ताब्यात जायची. हे जेवणाचा डबा घेऊन खाली उतरायचे, रेल्वेच्या विश्रांतीगृहात झोप काढायचे आणि उलट गाडी घेऊन दौंडला परत. गाडी मात्र पुढं जायची. स्वेटर, मफलर, वळकट्या घेतलेली माणसं पुढं जायची. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभं राहायची त्यांना सवयच लागली होती. एकदा त्यांच्या असिस्टंटनं विचारलं, "साहेब, काही राहिलं का गाडीत?"

"न्हाई रे," योहान म्हणाले, "मीच राहिलो."

उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. सहकाऱ्यांनी हार घातले, चर्चचे पाळक घरी येऊन प्रार्थना करून गेले, पुण्याला नोकरी करणारी मुलगी शॅरन केक घेऊन आली. आणि मग घरात सगळं सामसूम झालं. राहेल स्वतः दवाखान्यातून नर्स म्हणून आधीच निवृत्त झालेली. तिचं महिला मंडळ होतं, कुंड्या होत्या, शेजारणींचं ब्लडप्रेशर तपासणं होतं. योहानना काहीच नव्हतं. लांबून हॉर्न ऐकू आला की ते घड्याळाकडं बघून म्हणायचे, "आज लेट हाय." एवढ्या वर्षांच्या संसारात नवरा दिवसा जागा सापडतोय, हे राहेललाच नवीन होतं.

पाऊसकाळ सरत आला तेव्हा एके दिवशी ते कासुर्डीच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी बुलेट घेऊन दारात उभे राहिले. राहेल कणकेचे हात तसेच घेऊन फाटकापाशी आली.

"ही कशाला?"

"राजस्थानला जायला."

"आपल्याला रेल्वेचा पास मिळतो की."

"पासवर नको," योहान म्हणाले. "इंजिनाला सगळं असतं बघ, एक हँडल तेवढं नसतं. रूळ नेतील तिकडं लई गेलो. आता मला स्वतः वळायचंय."

राहेलनं पिठाचा हात सीटला लागू न देता गाडीभोवती एक चक्कर मारली.

दुसऱ्या दिवसापासून जेवायच्या टेबलावर नकाशा पसरला तो उठेचना. जेवणं स्वयंपाकघरात होऊ लागली. नगर, मनमाड, धुळे, इंदूर, चित्तोड, उदयपूर. तिथून अरवलीचे डोंगर उतरून जोधपूर आणि मग वाळवंट. डोंगर तपकिरी पेन्सिलीनं, वाळू पिवळीनं. मुलगी शाळेत असताना आणलेली रंगपेटी त्यांनी माळ्यावरून शोधून काढली होती. पण रंगवण्यावर भागलं नाही. प्रत्येक गावापुढं त्यांनी पोचायची वेळ आणि निघायची वेळ टाकली. चहाला वेगळी, पेट्रोलला वेगळी. जन्मभर जे वेळापत्रक दुसऱ्यानं हातात दिलं, ते आता स्वतःच्या हातानं लिहिताना त्यांना कोण आनंद होत होता.

राहेल टेबलाच्या एका कोपऱ्यात मेथी निवडत होती. निवडता निवडता तिनं विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?"

योहान गडबडले. "तू? तुझी पाठ दुखती ना. तवर तू शॅरनकडं जाशील, असं..."

"म्हंजी मला पुण्यालाच उतरवलंत व्हय." तिनं जुडीतली पिवळी पानं बाजूला काढली. मग ती म्हणाली, "तुम्ही मनमाडला उभं राहून गाडीकडं बघायचात. मी इथं फाटकात उभी राहून तुमच्याकडं बघायचे. पुढं काय असतं, ते मला बी बघायचंय."

योहाननी पेन्सील खाली ठेवली. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

ठरलं असं, की आधी जवळची एक चाचणी करायची. सगळं सामान लादून, खऱ्या प्रवासासारखी. दौंडहून शिरूर, तिथं राहेलच्या माहेरी दुपारचं जेवण, मग पुढं केंदूर. केंदूरला सुवर्णा म्हणून राहेलची दवाखान्यातली जुनी मैत्रीण राहायची, तिच्याकडं मुक्काम.

सकाळी निघाले. चौफुल्याहून आत वळल्यावर न्हावऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस. थंडगार वारं. राहेलनं दोनदा त्यांचा खांदा थोपटला. तिला पाय मोकळे करायचे होते. योहानना वाटलं, बाईला मजा येतेय. त्यांनी वेग थोडा वाढवला. माहेरी जेवणं झाली, गप्पा झाल्या, आणि वेळापत्रकाप्रमाणे योहाननी सगळ्यांना अर्ध्या वाक्यातून उठवलं.

कारेगावच्या चौकात पोचले तेव्हा कंपन्यांची शिफ्ट सुटत होती. बसगाड्या, कंटेनर, दुचाक्यांची रेटारेटी. सगळं ठप्प. राहेलची पाठ आणि गुडघे आता बोलायला लागले होते. "मी जरा उतरते हो," असं सांगून ती उतरली, रस्त्याकडेला गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हॉर्नच्या कल्लोळात, हेल्मेटच्या आत, योहानना यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. मागं बॅगा बांधलेल्या, त्यामुळं भार हलका झाल्याचंही जाणवलं नाही. पुढचा कंटेनर हलला, फट मिळाली, आणि योहान निघाले.

रांजणगाव गेलं. ते मागं मान न वळवता बोलत होते. अरवलीत कुंभलगडाचा घाट कसा आहे, वाळूत गाडी कशी धरायची, उंटाचं दूध प्यावं की नाही. उत्तर येत नव्हतं, पण राहेल फारशी बोलकी नव्हतीच. शिक्रापूरच्या चौकात त्यांनी विचारलं, "इथनंच वळायचं ना?" उत्तर नाही. "राहेल?" त्यांनी हात मागं नेला. हाताला बॅग लागली.

पुढं काय झालं ते त्यांना नीट आठवत नाही. गाडी वळवली एवढं खरं. राहेलचा फोन तिच्या पर्समध्ये आणि पर्स गाडीला बांधलेल्या पिशवीत. त्यांच्या स्वतःच्या फोनवर अनोळखी नंबरावरून कितीतरी कॉल येऊन गेले होते, पण गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही ही नोकरीतली सवय. परत येताना ते रस्त्याकडं बघत नव्हते, रस्त्याच्या कडांकडं बघत होते. इंजिनातून दिसू नये ते त्यांनी आयुष्यात काही वेळा पाहिलं होतं. कडेला पडलेलं पोतं दिसलं तरी ते गाडी हळू करायचे.

कारेगावच्या चौकात चहाच्या टपरीसमोर राहेल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. शेजारी कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक चाळिशीचा माणूस तिला मोबाईलवर काहीतरी दाखवत होता, आणि ती डोळे बारीक करून मन लावून बघत होती. योहान गाडीवरून उतरले.

"चहा घ्या आधी," राहेल म्हणाली.

"मला वाटलं..."

"काय वाटायचं ते कळलं. बसा."

तो माणूस ईश्वर. केंदूरचाच, इथल्या कंपनीत फिटर. हा मित्रांबरोबर दर वर्षी मोटरसायकलवर लांब कुठंतरी जायचा. हिमाचल, कच्छ, राजस्थान. त्याच्याच फोनवरून राहेलनं योहानना कॉल लावले होते, आणि आता तो तिला अरवलीचे फोटो दाखवत होता. योहानचा पडलेला चेहरा बघून तो म्हणाला, "मामा, मनाला लावून घ्यू नका. आमच्यातला एक जण बी बायकूला पेट्रोल पंपावर इसरून ग्येला व्हता."

"किती लांब गेला होता?" राहेलनं विचारलं.

"त्यो? पंपाच्या फाटकापतोर."

टपरीवरची सगळी माणसं हसली. राहेल तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेवटी योहानही हसले, पण ग्लासातला चहा बोटांवर सांडला. राहेलनं ते पाहिलं. खुर्ची जवळ ओढून तिनं त्यांचा ग्लास एका हातानं धरला.

योहाननी खिशातून वेळापत्रकाचा कागद काढून ईश्वरला दाखवला. त्यानं तो वरून खालपर्यंत वाचला. "मामा, ह्या गाडीला क्रॉसिंग कुणाचं हाय?"

"म्हणजे?"

"म्हंजी समोरनं कुठली गाडी यायचीय? घाई कुणासाठी? उजेड हाय तवर चालवायची, ऊन कललं की थांबायचं. मामींची पाठ हाय, मागं टेकायला चांगलं बनवून घ्या. रविवारी या गाडी घेऊन, मीच बशिवतो."

केंदूरच्या वाटेवर योहान गाडी हळू चालवत होते. पाबळच्या पुढं एका कांद्याच्या शेतापाशी त्यांनी आपण होऊन गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"इंजिनात आम्ही दोघं असतो," ते म्हणाले. "असिस्टंट मोठ्यानं सिग्नल सांगतो, मी मोठ्यानं परत म्हणतो. दोघांनी म्हटल्याशिवाय गाडी पुढं न्यायची न्हाई. आन् तुझ्याशी मी एवढी वर्षं..."

"मग मी सांगत जाईन," राहेल म्हणाली. "एकदा थोपटलं की हळू. दोनदा थोपटलं की थांबा. आन् तुम्ही मोठ्यानं म्हणायचं."

"हळू, थांबा."

"तसं."

ती रात्र सुवर्णाच्या घरी गेली. तिनं पिठलं-भाकरी केली आणि राहेलच्या तोंडून सगळी हकीकत दोनदा ऐकली.

शॅरनला हे कळलं तसं ती पुढच्या सुट्टीला तणतणत आली. "पप्पा, मम्मीला चौकात सोडून गेलात, आणि आता राजस्थान? मम्मी, तुझी पाठ!"

"तू गड चढायला जातीस, तवा मी अडवलं का तुला?"

"दर वेळी अडवलंस!"

"पण गेलीस की," राहेल शांतपणे म्हणाली. शॅरन रुसून गेली, पण नाताळाला आली तेव्हा दोघांसाठी गुडघ्याला गादी असलेल्या पँट्स आणि गरम जॅकेटं घेऊन आली. वर बजावलं, रोज संध्याकाळी फोन झाला पाहिजे.

मधल्या दिवसांत दोघं जवळपास सगळीकडं फिरले. ईश्वरनं बनवलेल्या पाठीच्या टेकणाला राहेलनं घरची उशी शिवून लावली. ती रोज सकाळी पाठीचे व्यायाम करू लागली, आणि योहाननाही करायला लावू लागली. नवीन वर्षाची उपासना झाली, पाळकांनी गाडीपाशी उभं राहून प्रार्थना केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले.

मनमाड दुपारी आलं. स्टेशनाजवळ योहाननी गाडी कडेला घेतली. लांब एक मालगाडी भुसावळकडं चालली होती. राहेलनं थर्मासमधला चहा ओतला.

"मग, उतरायचं का इथं?"

"न्हाई," योहान म्हणाले. "आज न्हाई."

मालेगावचा रस्ता दिसायला मागच्यासारखाच होता. तसेच कांदे, तशीच माळरानं. तरी हेल्मेटच्या आत योहान मोठमोठ्यानं लहानपणीचं भजन म्हणत होते, आणि मागून राहेल दुसरी ओळ धरत होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. उदयपूरला पोचेपर्यंत राहेलची पाठ धरली. ती पडून राहिली आणि योहान लॉजच्या पायरीवर परत फिरायचा विचार करत बसले. सकाळी तेच तिला म्हणाले, "गाडी रेल्वेनं पाठवू, आपण बी जाऊ."

"दोनदा थोपटलंय मी," राहेल अंथरुणातून म्हणाली. "थांबा म्हटलंय. मागं फिरा म्हटलेलं न्हाई."

ते थांबले. शेक घेतला, तळं बघितलं, आणखी थांबले. पाठ सुटली तसे अरवलीत शिरले. तिथल्या वळणांवर योहान असे हळू निघाले की मागचे ट्रकवाले वैतागले. सीताफळीच्या झाडीतून, दगडी बांधांच्या शेतांतून, रहाट फिरवणाऱ्या बैलांपाशी थांबत थांबत ते दुसऱ्या अंगाला उतरले. जोधपूरच्या पुढं हिरवं विरळ होत गेलं, आणि एका दुपारी दोन्ही बाजूंना नुसती वाळू आली. योहाननी पाय खाली टेकवून चारी बाजूंना बघितलं. कुठल्याही बाजूला वळलं असतं तरी चाललं असतं.

मुक्काम एका वाडीवर झाला. घरची बाई चुलीपुढं बाजरीची भाकरी हातांवर थापत होती. राहेल तिच्याशेजारी जाऊन बसली. हिचं मराठीमिश्रित हिंदी, तिची मारवाडी. बाजरी दोघींच्या ओळखीची, त्यामुळं अडलं नाही. "आमच्याकडं परातीत थापतात," म्हणत राहेलनं परात मागून घेतली. योहान दारात बसून वाळूनं भरलेले बूट झटकत होते, तेवढ्यात शॅरनचा फोन आला.

"पप्पा, मी सुट्टी टाकलीय. जोधपूरपर्यंत येऊ का? तिथून बसनं?"

योहाननी फोन राहेलकडं नेला. तिचे हात पिठाचे होते, म्हणून त्यांनी तो तिच्या कानाला लावून धरला.

"ये," राहेल म्हणाली. "आरामात ये. आम्ही इथंच हाय अजून." आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.