अंगणाची पाळी

कस्तुराबाईला चहा दिला तर ती आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. सेलूच्या जिनिंगमध्ये मी काट्यावर कापसाच्या गाड्या मोजतो आणि ती शेजारच्या शेडमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचते. एकदा मी तिला दिवाळीचा चिवडा दिला, तर म्हणाली, "माधवराव, काय काम काढलं?" मला राग आला होता. पण खरं सांगायचं तर जिनिंगमध्ये टिकायला असाच स्वभाव लागतो.

यंदा मालकांची मुलगी उत्तराताई पुण्याहून शिकून आली आणि तिने सगळ्यांना शेडमध्ये जमवलं. दिवसभर एकाच जागी एकच काम करून माणूस कंटाळतो, म्हणाली. म्हणून दर आठवड्याला काम बदलायचं. कधी कवडी वेचायची, कधी सरकी काढायच्या जिनात कापूस घालायचा, कधी बाहेर अंगणात ढीग पसरून वाळवायचा. सोबतीला कोण हवं ते बायकांनीच ठरवायचं. आता हे ऐकून कोणालाही बरं वाटावं. मला मात्र वाटलं, उद्या माझ्या काट्यावरही कोणाला तरी आणून बसवतील.

कस्तुराबाई हळूच म्हणाली, "लय गोड बोलायलीय. कोनाला तरी काढायचं असंल."

तिच्या संशयाला कारण होतं. आमच्याकडे हंगाम संपला की सगळे घरी जातात. पुढच्या हंगामाचं बोलावणं म्हणजे सिताराम मुकादमाची सुपारी. दसऱ्याआधी तो घरोघर फिरून ती देतो. जिच्या हातावर सुपारी पडली, तिचं काम पक्कं. आणि हंगाम सरताना मुकादमाने ज्या बाईला शेडमधून अंगणात काढलं, तिच्या दारात तो पुन्हा कधी दिसला नाही. याबद्दल कोणी काही बोलत नसे. उत्तराताईला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कस्तुराबाईच्या घरात दुसरं कमावतं कोणी नाही. ती सुपारी चुकली तर तिची चूल बंद.

तिची अंगणाची पाळी आली तेव्हा तिने त्रिवेणीला गाठलं. त्रिवेणी तरणी, यंदाच कामाला लागलेली, बाहेर वाऱ्यावर काम करायला एका पायावर तयार. कस्तुराबाईने तिला भाकरीबरोबर ठेचा खाऊ घातला आणि आपली पाळी तिच्या गळ्यात घातली. पुढची पाळीही तशीच गेली. उत्तराताई आपली खूश. मला म्हणाली, "बघा, बायका आपसात ठरवायला लागल्या." मी मान हलवली. मालकाच्या मुलीपुढे दुसरं काय हलवणार?

संक्रांत झाली तरी कस्तुराबाई शेडच्या बाहेर निघेना, तेव्हा ताईच्या लक्षात आलं. ती येऊन तिच्याजवळ पोत्यावर बसली.

"मावशी, अंगणात का जात नाही? या धुरळ्यातून जरा सुटका व्हावी म्हणून तर ते काम ठेवलंय."

कस्तुराबाई कवडी वेचत राहिली. मग म्हणाली, "अंगनात गेलेलीला सुपारी येत न्हाई, ताई. तुमी नव्या हाव. मुकादमाला इचारा."

शेडच्या दारात उभा असलेला सिताराम मुकादम छताकडे बघायला लागला. ताईने विचारलं तसा तो पुटपुटला, "तशी रीतच हाय." ताईचा चेहरा उतरला. तिची एवढी चांगली योजना बायकांना घरी धाडायचा रस्ता वाटत होती. मला तिची कीव आली आणि मुकादमाचा संताप.

"सुपारी आत्ता आणा," ती म्हणाली. "अंगणाच्या पाळीला जाणाऱ्या प्रत्येकीला आधी सुपारी. सगळ्यांसमोर."

"चालू हंगामातच? सुपारी दसऱ्याला देत्यात. असं कधी झालं न्हाई."

"आज होईल."

सुपाऱ्या आल्या. कस्तुराबाईने हात लगेच पुढे केला नाही. "माझं नाव घेऊन द्या," ती मुकादमाला म्हणाली. त्याने नाव घेतलं. "मोठ्यानं." त्याने मोठ्याने घेतलं. मग तिने सुपारी उचलून उजेडात फिरवून बघितली, किडकी तर नाही ना म्हणून, पदराच्या गाठीत बांधली आणि टोपलं घेऊन अंगणात गेली.

थोड्या वेळाने काट्यामागच्या अंगणातून खोकल्याचा आवाज आला. छातीच्या तळातून येणारी, थांबता थांबत नाही अशी ढास होती. मी धावत गेलो. कस्तुराबाई ढिगाला टेकून बसली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी वर्षं तिच्या शेजारी काम केलं, पण ती खोकलेली मी कधी ऐकली नव्हती. सगळा हंगाम ती तो खोकला तोंडात पदर कोंबून गिळत आली असणार. खोकणाऱ्या बाईला मुकादम सगळ्यांत आधी अंगणात काढतो.

मी पाणी दिलं. तिने नेहमीसारखं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मागे शेडच्या दाराकडे.

"माधवराव," तिने दबक्या आवाजात विचारलं, "दिलेली सुपारी परत तर मागत न्हाईत न्हवं?"